अकरा किल्ल्यांचं पान

बुधवारी सकाळी सव्वादहाला धाकट्या दिरांनी काउंटरवर एक किल्ली ठेवली. त्या दिवशी किल्लीकाकूंच्या वेबसाइटला बरोब्बर नऊ दिवस झाले होते.

ते नऊ दिवस काकूंचे पाय जमिनीला लागत नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा गेले तीन महिने त्या वेबसाइट करायच्या शिकवणीला जात होत्या. खोलीत आठ संगणक होते, त्यातला एक कायमचा झोपलेला. शिकवणाऱ्या बाई पूर्वी छापखान्यात पानं लावायच्या. त्यांना दाटीवाटी खपायची नाही. "समासाला जागा सोडा," म्हणायच्या, "पानावर नजर पडल्या पडल्या डोळ्यांना बरं वाटलं पाहिजे."

पहिल्याच आठवड्यात काकू एक तिरकी रेघ द्यायला विसरल्या आणि दुकानाच्या नावापासून फोन नंबरापर्यंत अख्खं पान ठळक अक्षरात आलं. पान बघणाऱ्यावर खेकसतंय असं वाटायला लागलं. बाईंनी चूक दाखवली. "जे उघडलं ते बंद करायचं, काकू. खूण उघडली की ती बंद करणारी खूण हवी."

"हे तर आमचंच काम," काकू म्हणाल्या. वर्ग हसला आणि त्या दिवसापासून काकूंची भीड चेपली.

दुकान मूळ नवऱ्याचं. तो गेल्याला सात वर्षं झाली होती, पण त्याआधीची एकोणीस वर्षं काकू त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून किल्ल्या घासत होत्या. त्याने दोन नियम घालून दिले होते. गिऱ्हाइकाची किल्ली काउंटरवर उघडी पडू द्यायची नाही, हिरव्या फडक्याखाली ठेवायची. आणि किल्ली आणि पत्ता कधीही एका कागदावर येऊ द्यायचे नाहीत. सव्वीस वर्षांत काकूंनी हे नियम एकदाही मोडले नव्हते. एकदा एका बाईने किल्लीला पत्त्याची चिठ्ठी बांधून आणली, तेव्हा काकूंनी तिच्यासमोर चिठ्ठीचे तुकडे केले होते.

आता दीर काउंटरच्या पलीकडे उभे होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचंही किल्ल्यांचंच दुकान. दोन्ही पाट्यांवर आडनाव एक, आणि दोघांची जीभ एकमेकांवर परजलेली.

"वहिनी, तुमची वेबसाइट बघितली. झकास."

"आज सूर्य कुठून उगवला, भाऊजी? तुम्ही आणि कौतुक?"

"खरंच सांगतो. इतके स्पष्ट फोटो मी जन्मात बघितले नाहीत. ही घ्या, बक्षीस."

काकूंनी सवयीने आधी फडकं ओढलं आणि किल्ली त्याखाली सरकवली. सरकवता सरकवता अंगठा दातांवरून गेला. एका बाजूला पाच खाचा, दुसऱ्या बाजूला चार, तिसरी सगळ्यांत खोल. ती तिसरी खाच घासायला काकूंना तीन वर्षांपूर्वी अख्खी दुपार लागली होती. दोन कोऱ्या किल्ल्या वाया गेल्या होत्या.

"ही माझ्या लेकीच्या घराची," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कशी? तिने दिली?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही दिलीत."

काकू हसल्या. दीर हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, काकूंचं पान उघडलं आणि पहिल्या फोटोवर दोन बोटं फाकवली. पडदाभर किल्ली. पाठीमागे काकूंचा आलेख कागद, एकेक मिलिमीटरचे चौकोन मोजून घ्यावेत इतके ठळक. किल्लीच्या डोक्यावर मूळ कोऱ्या किल्लीचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

"कोरी किल्ली कुठली घ्यायची ते नंबराने सांगितलं," दीर म्हणाले. "खाचा किती खोल ते चौकोनांनी सांगितलं. वीस मिनिटं लागली मला. तुमची खोडी काढावी म्हणून केली, वहिनी. दाराला लावून बघितलेली नाही. एखादवेळेस लागायचीही नाही."

प्रत्येक तयार किल्ली आलेख कागदावर ठेवून तपासायची ही काकूंची पहिल्यापासूनची रीत. फोटो काढायची वेळ आली तेव्हाही हात आपोआप त्याच कागदाकडे गेला होता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे फोटो सरळ वरून, भरपूर उजेडात, सावली पडू न देता. गिऱ्हाइकांना त्यांनी विचारलंही होतं. "तुमच्या किल्लीचा फोटो लावला तर चालेल ना?" कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर आपलाच फोटो निघणार असं समजून कॉलर नीट केली होती. अकरा जणांपैकी एकानेही नाही म्हटलं नाही. किल्लीच्या बाबतीत काकूंपेक्षा जास्त कळतंय असं कोणाला वाटणार?

आणि प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. कोणाचं काम, कुठलं काम. तेही बाईंनीच सांगितलेलं; खऱ्या माणसांचं काम बघायला लोकांना आवडतं म्हणून.

काकूंनी दुकानाचं शटर ओढलं. "चला," एवढंच त्या म्हणाल्या.

लेक दवाखान्यात परिचारिका होती. त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती, म्हणजे अकरा वाजता ती गाढ झोपेत असणार. काकूंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी घंटा वाजवली नाही ती झोपमोड टाळायला नव्हे. घंटा वाजवली असती तर लेकीने दार उघडलं असतं, आणि मग किल्ली लागते की नाही हे कळलंच नसतं. तिसऱ्या मजल्यावर दारासमोर उभं राहून त्यांनी दिरांची किल्ली भोकात घातली. लागू नये, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना किल्ली लागू नये असं वाटत होतं.

किल्ली लोण्यासारखी फिरली. दार उघडलं.

दीर दोन पावलं मागे सरले. आपण केलेली गंमत खरी ठरेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

आत काहीतरी धाडकन पडलं. लेक खोलीतून बाहेर आली तीच हातात इस्त्री उगारून, वायर मागे फरपटत. केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"कोण आहे? कोण आहे म्हणते ना!"

"मी आहे गं. आई."

"आई?" इस्त्री खाली आली. "घंटेला काय झालं? आणि तू आत कशी आलीस? मी चावी दोनदा फिरवून झोपले होते."

काकूंनी किल्ली पुढे केली. दीर दारातूनच बोलले, "ती मी केली."

"काका? पण माझी किल्ली तुमच्याकडे कधी होती?"

"कधीच नव्हती, पोरी."

मग त्यांनीच सगळं सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. लेकीने ऐकून घेतलं आणि मोबाइलवर पान उघडलं. आईची वेबसाइट तिने आधी बघितली होती, अगदी तिच्या मैत्रिणींनाही पाठवली होती, पण कौतुकाने. आता ती चपलांच्या मांडणीवर हळूच टेकली आणि फोटोखालच्या ओळी मोठ्याने वाचू लागली.

"'आजवरचं माझं सगळ्यांत अवघड काम. माझ्या लेकीच्या घराची किल्ली. नदीकाठचा रस्ता, निळी इमारत, तिसरा मजला. ती एकटी राहते, म्हणून कुलूप भक्कम हवं होतं.'"

ती थांबली. तिने ती शेवटची ओळ परत एकदा वाचली, पण या वेळी आवाज न करता.

"आई," ती म्हणाली, "तू हे स्वतःच्या हाताने लिहिलंस?"

ही ओळ जमावी म्हणून काकूंनी दोन तास घातले होते. वर्गात वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

"काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं वाटलं गं मला," त्या कशाबशा म्हणाल्या. "बघायचं, पण हात लावता येत नाही, तसं. कागदावर असतं तर मी शंभर वेळा विचार केला असता."

"आधी ते पान काढ. बाकीचं नंतर बोलू."

आणि इथे काकूंना दुसरा धक्का बसला. पान काढायचं कसं हे त्यांना येत नव्हतं. चढवायला शिकल्या होत्या, उतरवायला नव्हे. त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला.

"बाई, पान उतरवतात कसं?"

"तो धडा पुढच्या शुक्रवारी घेणार आहोत, काकू."

"बाई, आत्ता सांगा. माझ्या पानावर अकरा घरं उघडी पडलीत."

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी एकही जादा शब्द न बोलता पायरी पायरीने सांगितलं, आणि काकूंनी लेकीच्या संगणकावर एकेक फोटो, एकेक ओळ पुसली. अकरा पन्नासला पान कोरं झालं. तरी बाई फोनवरच होत्या.

"आपल्याकडून पुसलं गेलं, काकू. पण कोणी आधीच स्वतःकडे जतन करून ठेवलं असेल तर ते आपल्या हातात नाही. आणि... 'कोणाचं, कुठलं ते लिहा' असं मीच सांगितलं होतं."

"तुम्हाला किल्ल्यांमधलं काय कळणार, बाई? मला कळायला हवं होतं."

नऊ दिवसांत पान चारशे बारा वेळा उघडलं गेलं होतं. काकू रोज सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायच्या आणि वाढला की शेजाऱ्यांना सांगायच्या. आता तोच आकडा दिसताच त्यांनी तो तळव्याने झाकला.

लेकीने चहा टाकला. कोणी प्यायलं नाही. दीर नखं कुरतडत म्हणाले, "वहिनी, पान गेलं. कोणाला काही कळलेलं नाही. हिचं कुलूप मी आज बदलतो. बाकीच्यांना सांगायला जाऊ नका."

"का?"

"का काय? किल्लीवालीनेच किल्ल्या गावभर वाटल्या, असं म्हणतील लोक. उद्या तुमच्या हातात कोणी किल्ली देईल का? आणि पाटीवरचं आडनाव माझंही आहे."

"आणि एखाद्याचं दार उघडलं तर?"

"नाही उघडलं तर?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं. तिने इस्त्री अजून मांडीवरच ठेवली होती आणि तिची बोटं इस्त्रीच्या मुठीवरून निघाली नव्हती. स्वतःच्या घरात, भर दुपारी, आई समोर असताना.

"भाऊजी, गोदामात कुलपाचे गाभे किती आहेत तुमच्याकडे?" काकूंनी विचारलं. "माझ्याकडे सहा आहेत. अकरा लागतील."

दीर उठले. "पाच निघतील," म्हणाले. "पण बोलायचं तुम्ही. मी फक्त हत्यारांची पिशवी धरणार."

पहिलं काम लेकीच्या कुलपाचं: किल्ली जिथे फिरते तो आतला जुना गाभा काढून नवा बसवला. मग दोघं दारोदार निघाले. काकू प्रत्येक दारात तेच सांगत होत्या, कमी न करता. तुमच्या किल्लीचा फोटो मी लावला. खाली पत्ता लिहिला. त्यावरून किल्ली होऊ शकते, हे बघा, झाली. नऊ दिवस ते पान उघडं होतं. नवीन गाभा मी आत्ता बसवून देते, पैसे नकोत.

लोक आधी हसायचे. मग हसू थांबायचं. एका शिक्षिकेने त्यांच्यादेखत मुलांना आतल्या खोलीत पाठवलं. एका गृहस्थांनी "तुम्ही? तुम्ही असं केलंत?" हे चार वेळा विचारलं आणि चारही वेळा उत्तराची वाट बघितली. तिघांनी गाभा बसवू दिला नाही. आम्ही दुसऱ्याला बोलावतो, म्हणाले. एका आजींनी बदलायलाच नकार दिला. "एवढी खटपट करून येणाऱ्याला इथे मीच तेवढी सापडेन," त्या म्हणाल्या. काकूंनी तरीही बसवून दिला.

औषधवाला सगळ्यांत शेवटी. त्याने सगळं ऐकलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, आणि काकू वरच्या मजल्यावर त्याच्या घराचा गाभा बदलत असताना शेजारी उभा राहून त्यांच्या हातांवर नजर ठेवून राहिला. काम झाल्यावर त्याने किल्ल्या मागितल्या.

"दोनच?"

"दोनच."

"तिसरी लागली तर मी दुसरीकडून करून घेईन."

"घ्या," काकू म्हणाल्या.

परत येतानाही पिशवी दिरांनी काकूंना घेऊ दिली नाही.

पुढचे चार दिवस दुकानात एकही किल्ली आली नाही. एक माणूस सायकलची साखळी तोडून मागायला आला, एक बाई रस्ता विचारायला. काकू हिरवं फडकं धुऊन, वाळवून, परत घडी करून ठेवत होत्या. शुक्रवारी शिकवणीला गेल्या नाहीत. कोऱ्या पानावर मात्र त्यांनी स्वतःच, कोणाला न विचारता, काय झालं ते सात ओळींत लिहिलं. फोटो नाही, रंग नाही. प्रत्येक खूण बंद केली.

सोमवारी सकाळी औषधवाला आला. त्याने खिशातून नवी किल्ली काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि स्वतःच फडक्याचं टोक उचलून ती खाली सरकवली.

"एक जादा करून द्या."

"दुसरीकडून करणार होतात ना?"

"करणार होतो. बायको म्हणते, तुम्ही सांगायला आला नसता तर आपल्याला कधीच कळलं नसतं. तिला ते पटलंय."

"आणि तुम्हाला?"

"मला अजून नाही. पण घरात तिचं चालतं."

काकूंनी मान हलवली. मोबाइल खणात टाकला, खणाला कुलूप लावलं. मग किल्ली घेऊन यंत्रापाशी गेल्या. तयार झाल्यावर ती तपासायला आलेख कागदावर ठेवली आणि त्यांचा हात थांबला. खिडकीतून ऊन थेट वरून येत होतं. सावली नव्हती. एकेक खाच मोजून घ्यावी अशी दिसत होती.

त्यांनी उठून आधी खिडकी लावून घेतली.