अपवादाचा रकाना

बसचालकाने बूट काढले, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि तो वजनकाट्यावर चढला. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या.

"किती?" त्याने विचारलं.

हा प्रश्न त्या दोन वर्षं ऐकत होत्या. कोणीही काट्यावर चढलं, की कानात तोच आवाज यायचा, इस्त्रीवालीचा. ती तपासून घ्यायला आली की घड्याळ, केसांतल्या पिना, चष्मासुद्धा काढून ठेवायची, तेवढंच हलकं. मग चष्म्याविना आकडा दिसायचा नाही, म्हणून विचारायची, "किती?" जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून तिचा हर्निया बाहेर आला होता. एका हाताने पोट दाबून धरायचं आणि दुसऱ्याने दिवसभर इस्त्री फिरवायची, असं चाललं होतं. "वजन म्हणजे चिवट पाहुणा हो डॉक्टर," ती हसून म्हणायची, "आला की जायचं नाव घेत नाही."

तीन वेळा त्यांनी तिला परत पाठवलं. नियमच तसा होता. उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या रेषेच्या वर असेल, तर आधी ते उतरवायचं, मग हर्नियाचं ऑपरेशन. जाड पोटात टाके उसवतात, आत बसवलेल्या जाळीला संसर्ग होतो, हर्निया पुन्हा डोकं वर काढतो, हे अभ्यासांतून दिसलं होतं. नियम लिहिणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या. वजन घटवण्याचं ऑपरेशन हा दुसरा मार्ग. त्याची रांग दीड वर्षाची होती. तिसऱ्या खेपेला इस्त्रीवाली रेषेपासून दीड किलो दूर राहिली.

"येते हलकी होऊन," म्हणत तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

अकराव्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून आणलं. हर्नियात आतडं अडकून काळं पडलं होतं. डॉक्टर चार तास झटल्या. ती वाचली नाही. बाहेर बाकावर तिचा नवरा मांडीवर तिचा चष्मा घेऊन, मान खाली घालून बसला होता.

तोच आता काट्यावर उभा होता. केसपेपरवरच्या नावावरून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बूट काढायला वाकलेली मान पाहिली आणि ओळख पटली.

"एकशे चार, सातशे ग्रॅम," सिस्टर म्हणाल्या. "रेषेच्या वर आठशे ग्रॅम." आणि पुढच्या पेशंटचे कागद आणायला त्या बाहेर गेल्या.

तो तपासणीच्या टेबलावर आडवा झाला. डॉक्टरांनी बेंबीजवळचा फुगवटा बोटांनी दाबला. तो आत गेला, पण उशिराने, अंग चोरत.

"सहा महिन्यांत चौदा किलो उतरवलं," तो छताकडे बघत म्हणाला. "पण स्टिअरिंग लागतं पोटाला. वळणावर अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

डॉक्टरांनी पेन उचललं.

"मी एकशे तीन लिहिते."

"नको." तो उठून बसला. "खरं लिहा. ती पिना काढायची, पण आकडा नाही चोरला तिने कधी."

त्यांनी खरा आकडा लिहिला आणि कागद उलटला. मागच्या बाजूला तळाशी एक छोटा रकाना होता: अपवाद, सर्जनच्या निर्णयाने. त्यात त्यांनी लिहिलं, 'आतडं अडकण्याचा धोका. वजन उतरण्याची वाट न बघता ऑपरेशन करावे.' खाली सही केली.

त्याने पुढे झुकून ओळीखाली बोट धरत वाचलं.

"हा रकाना नवीन आहे का?"

गेल्याच महिन्यात समितीपुढे नवा अभ्यास आला होता. परत पाठवलेल्यांपैकी फार थोड्यांचं वजन उतरतं आणि काही जण थेट तातडीच्या ऑपरेशनलाच येतात, असं त्यात होतं. नियम बदलायचं घाटत होतं. 'हो, नवीन आहे' म्हणून वेळ मारून नेणं अवघड नव्हतं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हाही होता. मीच घालायला लावला होता."

"मग?"

"वापरला नाही. एकीला सूट दिली तर सगळेच मागतील, असं वाटलं. आणि दीड किलोच तर राहिलं होतं."

शर्टाची बटणं लावताना एक चुकलं. पुन्हा सगळी सोडून त्याने ती पहिल्यापासून लावली. मग बूट. नाडी बांधायला वाकताना त्याचा श्वास अडकला. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या.

"तुम्हाला दुसरे सर्जन हवे असतील, तर मी आजच बोलून ठेवते. चांगले आहेत."

"नको. तुम्हीच करा."

"माझ्याकडूनच का?"

तो दारापर्यंत गेला.

"आता तुमचा हात चुकणार नाही," तो म्हणाला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं.

डॉक्टरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मग त्यावर डावा ठेवून घट्ट दाबून धरला. "पुढचा पेशंट पाठवू?" असं सिस्टरनी दारातून दोनदा विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.