जमिनीवर उतरलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण ही गोष्ट सांगायची म्हटलं की आजही मला धीर धरवत नाही!

राजूरच्या सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवलं. बैलगाडीत बसून मी जवळच्या खेड्यातल्या शाळेत आलो. तातेराव गुरुजींनी मला भिंतीवर उंच टांगलं. मग काय, माझा थाट विचारू नका! मुलं टाचा उंचावून माझ्यावर गणितं सोडवत आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या पडत.

फक्त बेबीनंदाचं नाव फळ्यावर येण्यासाठी कधी पुकारलं जात नसे. पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. तिची आई गिरिजाबाई तिला पाठुंगळी आणून सोडे आणि मजुरीला जाई. "पोरीला कशाला त्रास?" म्हणून गुरुजी तिला वगळत. माणूस भला, पण चुकला हो! आणि मीही शहाणा, वरून नुसता बघत राहिलो.

दर शनिवारी मुलं मला खाली उतरवत. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला फासत आणि ओसरीत आडवं वाळत टाकत. १९७४ सालच्या अशाच एका शनिवारी मी नुकता वाळलो होतो, तेवढ्यात गिरिजाबाई लेकीला न्यायला आली.

"गुरुजी, दोन साल झाले, मही पोर एकडाव बी फळ्यावर गेली न्हाई. तिला काहीच येत नसंल. सोमवारपासून आणत न्हाई मी तिला."

 

इतक्यात बेबीनंदा हातांवर सरकत सरकत माझ्यापाशी आली. तिने खडू उचलला आणि सकाळी वर्गात कुणालाच न सुटलेला भागाकार माझ्यावर मांडला. खडू कसा भराभर चालला होता! अहाहा, मला तर नाचावंसं वाटलं!

"गुरुजी, बराबर हाय का?"

"बिलकुल बराबर!" गुरुजी ओरडले. मग गिरिजाबाईकडे वळून हळूच म्हणाले, "पोरीला सगळं येतं, बाई. फळा मीच उंच टांगला होता."

त्यांनी लगेच हातोडी मागवली, खुंट्या उपटल्या आणि माझी खालची कड जमिनीपासून वीतभर राहील अशा खाली ठोकल्या. गिरिजाबाईने पदराने डोळे पुसले. "मंग सोमवारी जल्दीच आणते," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी शाळेच्या अडगळीत धूळ खात पडलोय, त्याचं एवढं काही नाही. पण तुमच्या वर्गात कुणाचा हात फळ्याला पोचत नसेल, तर त्याला बसवून ठेवू नका. फळा खाली घ्या! खाली उतरायला आम्हा फळ्यांना कधीच लाज वाटत नाही.