अहो, पाणी घ्या

रेडिओवाले साहेब, तुम्ही माझ्या मेलेल्या बापाला टाळ्या वाजवायला लावलंत.

छापखाने बंद करायचा कायदा पुढाऱ्याने रेडिओवर जाहीर केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात एक खोकल्याची उबळ आली आणि मागोमाग बाईचा आवाज, "अहो, पाणी घ्या!" आईने इस्त्री उभी केली. "अगं, ही तर मीच! आणि हे तुझे बाबा!"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी दोघं पुलाच्या उद्घाटनाला गेले होते. तिथल्या टाळ्या तुम्ही जपून ठेवल्यात आणि हव्या तिथे चिकटवता.

मग मीही कात्री घेतली. पुढाऱ्याचं भाषण वाक्यावाक्याला कापलं, प्रत्येक तुकड्यामागे बाबांचा खोकला आणि आईचं पाणी चिकटवलं, आणि कायदा लागू व्हायच्या आत तीच गोष्ट म्हणून छापली. भाऊ म्हणाला, "ताई, याला ना शेंडा ना बुडखा!"

"रेडिओला तरी कुठे आहे?"

गोष्ट हातोहात गेली. काल चौकातल्या भोंग्यावर भाषण लागलं. टाळ्या आल्या, खोकला आला, आणि अख्खा चौक एका सुरात ओरडला, "अहो, पाणी घ्या!" शिपायालासुद्धा हसू आवरेना. आई तर नाचायचीच बाकी होती!

साहेब, बाबांचा जन्म छापखान्यात अक्षरं जुळवण्यात गेला. या कायद्याला त्यांनी टाळ्या कधी वाजवल्या? उत्तर द्या. रेडिओवरच द्या, आणि मागे टाळ्या न लावता द्या.