अंगावर नाही, मीच आहे

हेलेदला परीक्षेसाठी शांत खोली हवी होती. दोनशे जणांच्या सभागृहात पेनं कुरकुरली, दिवे गुणगुणले की तिला प्रश्नच दिसेनासे व्हायचे. मागच्या वर्षी कोरा पेपर देऊन ती बाहेर पडली होती. खोली हवी तर अर्ज भरा. वेल्समधल्या त्या कॉलेजात मोक्षही अर्जाशिवाय मिळत नसे. आज शेवटचा दिवस होता.

साहाय्य कक्षातल्या एअरलिसबाई मायाळू. इतक्या, की मदत मागणाऱ्याला बोलूच द्यायच्या नाहीत.

"'ही अवस्था बारा महिन्यांहून जास्त टिकेल का?'" बाईंनी अर्जातून वाचलं.

हेलेदनं प्रामाणिकपणे विचार केला. "मी टिकले तर."

"'ऑटिझम अंगावर आहे', इथं सही कर, बाळा."

त्यांच्या वेल्श बोलीत आजार माणसाच्या अंगावर असतो. सर्दी अंगावर, ताप अंगावर; उतरला की सुटलो. हेलेद जन्मापासूनच अशी, पण डॉक्टरांना उमगलं एकोणिसाव्या वर्षी. तोवर हट्टी, शिष्ट, विक्षिप्त अशी नावं लोकांनी प्रसादासारखी मुक्तहस्ते वाटली होती. खरं नाव सापडलं त्या दिवशी ती आनंदानं रडली होती.

"अंगावर नाहीये, बाई. मी ऑटिस्टिक आहे."

"छे छे! स्वतःला असं म्हणू नये. तू आधी माणूस!"

"मग माणूसपण पण अंगावर आहे का?"

"वाद नको, राणी. सही नाही तर खोली नाही."

खोली गेली की वर्ष गेलं. तरी हेलेदनं पेन खाली ठेवलं. "बाई, तुमच्या अंगावर वेल्शपणा कधीपासून आहे?"

"अंगावर? अगं, वेल्शच आहे मी! माझे आजोबा चॅपेलमध्ये उपदेश करता करता गायला लागायचे, अख्खी सभा डोलायची, मी एवढीशी त्यांच्या मांडीवर..." बाई थबकल्या.

हेलेदनं टोमणा मारलाच नव्हता. ती खरोखर उत्तराची वाट बघत होती.

बाईंनी छापील ओळ खोडून वर लिहिलं: 'ऑटिस्टिक आहे मी.' हेलेदनं दोनदा वाचून सही केली.

खोली मिळाली. तिथलाही दिवा गुणगुणत होता. एअरलिसबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं काढला. त्याचा अर्ज अजून कुणी छापला नव्हता.