उपासाच्या दिवसाची गोळी

मी गोळ्यांची डबी. अंगावर सात झाकणं, सोमवार ते रविवार. रत्नागिरीतल्या डॉक्टर भार्गवींना रुग्णांवर ओरडायला आवडत नाही, त्या म्हणे माणसाला हळूच वळणावर आणतात. म्हणून त्यांनी मला श्रीपतीकाकांच्या हाती दिलं आणि ताटाशेजारी ठेवायला सांगितलं, म्हणजे जेवण झालं की गोळी आपसूक आठवेल. साखरेमुळे काकांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. आणखी महिनाभर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काका आंब्याचे बागायतदार, नियमाला एकदम पक्के. मंगळवारी जेवले, गोळी घेतली. बुधवारीही घेतली. सोमवारी, शनिवारी, चतुर्थीला आणि दोन्ही एकादश्यांना मात्र माझ्या झाकणाला कुणी बोटही लावलं नाही. त्या दिवशी काका बिचारे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे गोड काप आणि चार केळी एवढ्यावरच भागवत. त्यांच्या संयमाचं मला फार कौतुक वाटे.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला उघडलं आणि भरलेले कप्पे काकांपुढे धरले.

"जेवणानंतर घ्या म्हणालात," काका शांतपणे म्हणाले. "उपासाला मी जेवतो कुठे, डॉक्टरबाई? नुसता फराळ करतो."

डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पूजा तरी रोज होते ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग माझ्यावरची जुनी चिठ्ठी काढून नवी लावली: पूजा झाली, खायला बसलात, की गोळी. कुसुमकाकूंनी मला देवघरात नेऊन ठेवलं आणि त्यानंतर माझा एकही कप्पा भरलेला राहिला नाही.

जखम भरली. पण काकांनी हेदवीच्या दशभुजा गणपतीला नवस बोलला होता, त्यामुळे श्रेय तिकडे गेलं. माझी तक्रार नाही. दहा हातांपुढे सात झाकणांचं काय चालणार?

आज दोघं नवस फेडायला निघाले, दोन दिवसांसाठी. काकूंनी मला पिशवीत टाकलं. काकांनी बाहेर काढलं.

"त्यानेच बरं केलंन, आणि त्याच्याच दारात गोळ्या घेऊन जायचं? त्याला काय वाटेल?"

काका चपला घालायला ओटीवर गेले, तेवढ्यात काकूंनी माझे दोन कप्पे उघडले आणि गोळ्या नैवेद्याच्या खडीसाखरेच्या पुडीत गुंडाळल्या. काकांना त्या प्रसाद म्हणून मिळणार हे मला कळलं, आणि या बाईबद्दल फार माया दाटून आली.

काकू, गोळी त्यांना द्या. खडीसाखर तेवढी तुम्हीच खा.