डोरीनबाईंनी पुसलेली चिठ्ठी

मी एक जुनी वेबसाइट आहे, थंडगार सस्कॅचेवान प्रांतातल्या टॅमरॅक क्रॉसिंग गावच्या कर्लिंग क्लबची. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्या पुढचा बर्फ झाडूने घासत न्यायचा खेळ. दिसायला मी काही देखणी नाही, मित्रांनो. वर एक निळी पट्टी, खाली संघांच्या नोंदणीचा तक्ता, बस्स. पण गावात मला मान आहे बरं का!

बारा वर्षांपूर्वी शाळेतल्या मर्विन मास्तरांनी मला क्लबच्या स्वयंपाकघरात बसून घडवलं, एका हाताने पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात. राहायला भाड्याच्या संगणकात एक कोपरा मिळाला. शेजारी एक बेकरी, दोन चर्च, अशी शेकडो बिऱ्हाडं. माझ्या पत्त्याजवळ एक छोटं कुलूप दिसायचं. ते म्हणजे माझं सुरक्षा प्रमाणपत्र. ते पाहून लोक बिनधास्त नाव आणि फोन नंबर लिहायचे. त्याची मुदत संपत आली की मास्तर न चुकता नवं घ्यायचे.

पुढे मास्तर समुद्राकाठी राहायला गेले आणि मी चिटणीस डोरीनबाईंच्या हाती आले. बाई भारी टापटिपीच्या. ऑक्टोबरात सगळं गाव जमून क्लब धुऊनपुसून काढतं, तेव्हा त्यांनी मलाही घासून काढलं! नेमकी त्याच आठवड्यात माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली. कुलूप गेलं आणि लालभडक इशारा झळकला, ‘ही जागा सुरक्षित नाही.’ लोक आल्या पावली परत जाऊ लागले.

आणि वेळ तरी कोणती! शुक्रवारी पाचपर्यंत आठ संघ नोंदले नाहीत, तर यंदा क्लबात बर्फच बनवायचा नाही असं ठरलं होतं. बर्फ बनवायचे सत्त्याहत्तर वर्षांचे स्टॅन आजोबा. बायको गेल्यापासून त्यांना हिवाळ्यात दुसरा आधार नव्हता. ते रोज येऊन डोरीनबाईंना विचारायचे, “किती संघ झाले गं?”

“तीन.”

“अगं, कालही तीनच होते की!”

डोरीनबाईंनी नव्या प्रमाणपत्राचं बटण दाबलं होतं. ते देणारे आधी माझ्या एका कप्प्यात चिठ्ठीसारखी फाइल ठेवतात. थोड्या वेळाने ती जागेवर सापडली, की घर खरंच याच लोकांचं आहे अशी त्यांची खात्री पटते. बाईंना ती लांबलचक, विचित्र नावाची फाइल दिसली. “शी, हा कसला कचरा?” म्हणून त्यांनी ती पुसली. प्रमाणपत्र नाकारलं गेलं. पुन्हा बटण, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा सफाई. तीन दिवस हेच चाललं! मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

गुरुवारी स्टॅननी मास्तरांना फोन लावून डोरीनबाईंच्या हाती दिला.

“मर्विन, कुणी चोर शिरलाय रे,” डोरीनबाई म्हणाल्या. “रोज एक घाण फाइल टाकून जातो. मी लगेच पुसते.”

मास्तर हसत सुटले. “अगं बाई, तो चोर नाही, प्रमाणपत्रवाला आहे! आता त्या फाइलला हात लावशील तर खबरदार!”

बाईंचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्यामुळेच बर्फ अडला. स्टॅन, माफ कर रे.”

“माफी राहू दे. झाडायची इतकी हौस आहे तर झाडू घेऊन बर्फावर ये,” स्टॅन म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं आणि हात मांडीखाली दाबून बसल्या. तासाभरात माझं कुलूप परत आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग बाईंनी घरोघर फोन केले. शुक्रवारी चारपर्यंत सात संघ झाले. आठवा काही येईना. स्टॅन खिडकीतून रस्त्याकडे डोळे लावून होते.

पावणेपाचला बाईंनी स्वयंपाकघरातल्या तिघींना हाक मारली आणि तक्त्यात लिहिलं, ‘संघ: सूपवाल्या.’ पहिलं नाव स्वतःचं. चाळीस वर्षं खेळाडूंना सूप वाढणाऱ्या बाईंनी बर्फावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. स्टॅननी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि ते बर्फासाठी पाण्याचा नळ सोडायला गेले.

मित्रांनो, मी सुखात आहे. माझं मागणं एवढंच, आमच्या मुदती लक्षात ठेवा, आणि अनोळखी काही दिसलं तर पुसण्याआधी कुणाला तरी विचारा. सूपवाल्या पहिला सामना सपाटून हरल्या. बर्फावर बसकण मारून हसणाऱ्या डोरीनबाई आणि त्यांना हात देणारे स्टॅन, हा फोटो आता माझ्या निळ्या पट्टीखाली सगळ्यात वर आहे.