दुमडल्या कानाचे कुत्रे

जोडसायकलच्या पुढच्या सीटखालचा बोल्ट माईलीसने तिसऱ्यांदा पान्यात पकडला आणि अंगातला सगळा जोर लावून दाबला. पाना सटकला, तिची बोटे दांड्यावर आपटली आणि अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. बोल्टने मात्र दाद दिली नाही. तीस वर्षांत तो कोणी हलवलाच नव्हता, कारण तीस वर्षे त्या सीटवर एकच माणूस बसत आला होता.

तो माणूस, म्हणजे तिचा नवरा रेमी, कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता.

“काय चाललंय तुझं?”

“सीट खाली घेतेय.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी. आज मी पुढे बसणार, तू मागे.”

“आणि मी हो म्हणालो?”

“नाही म्हणालास. काल दिवसभरात तीनदा. म्हणून आज विचारतच नाहीये.”

रेमीने कॉफीचा मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडे केले, जणू दोष कॉफीचाच होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि रेमीचा पीळ तर रेल्वेच्या पोलादाचा होता. तरुणपणी तो रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होता. पुढे पाइनच्या जंगलातून पुयो गावाला जाणारी लाइन बंद झाली, तेव्हा याच टोळीला तिचे रूळ उखडायला लावले. पुयोच्या फलाटावर तो रूळ काढत होता आणि स्टेशनमास्तरांची मुलगी कमरेवर हात ठेवून त्याला शिव्या घालत होती. रेमी आणि माईलीसची ओळख झाली ती अशी. बऱ्याच वर्षांनी त्या रिकाम्या पट्टीवर डांबर पडले, फक्त सायकलींसाठी. मोटारींना तिथे मज्जाव होता. तेव्हापासून दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ही दोघे या सायकलीवरून अठरा किलोमीटरवरच्या पुयोला जात. जुन्या स्टेशनात आता खानावळ आहे. तिथे सफरचंदाचा पापुद्र्यांचा केक खायचा, फलाटावर थोडे बसायचे आणि परतायचे, असा शिरस्ता.

आज तोच रविवार होता.

जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेमीची मोटार बंद केली होती आणि सायकलही. त्याच्या नजरेतला मधला भाग पुसला गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. “बायकोचं नाक अजून जागेवर आहे ना, एवढंच कोणीतरी सांगत जा,” असे तो लोकांना हसत सांगायचा. घरी मात्र रेडिओपाशी बसून राहायचा.

“कधीपासून दिसत नाही?” डॉक्टरांनी विचारले होते.

“याच महिन्यापासून,” रेमी म्हणाला होता.

माईलीस शेजारीच बसली होती. ती आपल्या पर्सच्या खटक्याकडे बघत राहिली. कारण खरे काय ते तिला ठाऊक होते.

गोष्ट गेल्या वर्षीच्या वसंतातली. ही सायकलवाट जंगलातले कच्चे रस्ते जिथे जिथे ओलांडते, तिथे मोटारी घुसू नयेत म्हणून मधोमध एक लाकडी खांब पुरलेला आहे. पुयोपर्यंत असे नऊ खांब. मागे बसणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते आणि बाकी काही नाही. पण माईलीसला कडेने मान काढून डोकवायची खोड होती. त्या दिवशी अशाच एका फेरीत पहिला खांब वीस हातांवर आला तरी रेमी वळेना. ‘खांब!’ असे ओरडायचे सोडून तिच्या तोंडून भलतेच निघाले.

“अरे बघ, काय गोड कुत्रं!”

कुत्रे म्हटले की रेमी हटकून थांबायचा. तो थांबला. “कुठंय?”

“गेलं झुडपात. तांबूस होतं. एक कान दुमडलेला.”

मग प्रत्येक खांबापाशी कुत्रे दिसू लागले. माईलीसने त्या वर्षात जेवढी कुत्री पाहिली तेवढी सगळ्या तालुक्यात मिळून नसतील. काळी, ठिपक्यांची, लंगडणारी. रेमी वेग कमी करायचा, रंग कोणता ते विचारायचा आणि चाचपडत खांबाला वळसा घालून पुढे जायचा. आपल्याला किती कमी दिसते हे त्याचे त्यालाच कळले नसावे, मग उगाच कशाला दुखवा, असे तिने स्वतःला समजावले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण डॉक्टर म्हणाले होते, “आधी आला असतात तरी फार फरक पडला नसता.” त्यातला ‘फार’ तिच्या मनात सलत राहिला. फार नाही, म्हणजे थोडा पडला असता. तो थोडा आपण खाल्ला, कुत्री दाखवत बसलो, असे तिला रोज वाटायचे. आणि आज पुयोला गेलो नाही तर हा माणूस पुन्हा रेडिओपासून उठायचा नाही, हेही तिला कळत होते.

तिने चौथ्यांदा पाना लावला. रेमीने वाडगा खिडकीत ठेवला, अंगणात आला आणि तिच्या हातातून पाना काढून घेतला. डोळे मिटून त्याने अंगठ्याने बोल्टचे डोके शोधले, पाना बसवला आणि एकच हिसका दिला. बोल्ट करकरला आणि सुटला. मग तो तिच्याजवळ सरकला. आपला तळवा त्याने तिच्या कमरेच्या हाडावर ठेवला, तेवढी उंची हातातच धरून तो सायकलकडे वळला आणि सीट तिथवर खाली आणली.

“एवढी बुटकी आहेस तू?” तो म्हणाला. “इतकी वर्षं लक्षातच आलं नाही.”

माईलीस हेल्मेट आणायला आत गेली आणि दारामागे जरा वेळ उभी राहिली.

वाटेपर्यंत सायकल ढकलत न्यायची, तर चर्चसमोरच्या झाडांखालून जावे लागते. तिथे रविवारी लोखंडी गोळे फेकण्याचा डाव रंगलेला असतो. रेमीचा जुना सोबती जानो गोळा हातात धरून थांबला.

“काय रे रेमी, नोकरी गेली वाटतं ड्रायव्हरची?”

पुढचे हँडल माईलीसच्या हातात होते. रेमीने मान तिरकी केली, जानोचा निदान एक कान तरी सापडावा म्हणून.

“बढती मिळालीय,” तो म्हणाला. “तीस वर्षं ही मागे बसून झोपा काढत होती. आता माझी पाळी.”

सगळे हसले. कोपरा ओलांडेपर्यंत रेमीही हसत होता. मग त्याचे हसू थांबले आणि सायकलवरची त्याची पकड घट्ट झाली, हे तिला चाकातून कळले.

पहिल्या दोन प्रयत्नांत त्यांनी वाटेच्या कडेचे नेचे तुडवले. रेमी वजनाने तिच्या दीडपट, त्यामुळे सायकल तिला कुठे न्यायचे ते स्वतःच ठरवत होती.

“हँडल आवळू नकोस. कोंबडी धरलीयेस का?”

“तू हलू नकोस मागे. पोत्यासारखा बस.”

“पोतं पायडल मारत नाही.”

तिसऱ्यांदा सायकल सरळ धावू लागली. दोन्ही बाजूंना पाइनच्या रांगा, राळेचा वास, खालून मुळांनी उचललेल्या डांबराचे छोटे हिसके. माईलीस थक्क झाली होती. या वाटेवरून ती इतक्या वेळा गेली होती, पण तिच्यासाठी ही वाट म्हणजे रेमीचा निळा सदरा आणि कडेने सरकणारी झाडे. आज मधली पाठ नाहीशी झाली होती आणि सगळे जंगल सरळ तिच्या अंगावर येत होते. तिला भीती वाटत होती आणि मजाही, आणि मजा वाटते याची लाज.

चाकाखाली बारीक खडखड झाली.

“विटांची मोरी,” रेमी मागून म्हणाला. “इथेच माझा अंगठा चिरडला होता. आता पुढे दोनशे स्लीपर, की जंगलातला रस्ता.”

रेमी अजूनही रुळांखालच्या लाकडांनी अंतर मोजायचा, आणि दोनशे स्लीपर म्हणजे काहीच नाही. तिला खांब दिसला. मधोमध, राखाडी, हलायचे नाव नाही. त्याच्याकडे बघायचे नाही हे तिला कळत होते, पण नजर तिथेच खिळली आणि नजर जिकडे, तिकडेच चाक निघाले. ब्रेक बोटांखाली होते, ती बोटेच तिची वाटेनात. जोडसायकलची पायडले एकमेकांना साखळीने बांधलेली असतात. एकाच्या पायातली भीती दुसऱ्याच्या पायाला लगेच समजते. तिचे पाय ताठले.

“माईलीस,” मागून आवाज आला, अगदी सावकाश. “अरे बघ, काय गोड कुत्रं. तांबूस. एक कान दुमडलेला.”

तिची बोटे ब्रेकवर मिटली. सायकल मंदावली, डावीकडे कलली आणि खांब तिच्या कोपरापासून हातभर अंतरावरून मागे गेला. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा निघता आले नसते.

पुढे बसणाऱ्याला मागे वळून बघता येत नाही, हे तिला आज पहिल्यांदाच कळत होते.

“कधीपासून ठाऊक होतं तुला?” तिने समोर बघतच विचारले.

“पहिल्या कुत्र्यापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू मला उचलून डॉक्टरकडे नेलं असतंस. आणि त्याने मला तेव्हाच रेडिओपाशी बसवलं असतं.” तो थोडा दमला होता. “एक उन्हाळा जास्त मिळाला. मला हवा होता तो. तू उगाच जीव जाळू नकोस.”

माईलीसच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते मनगटाने घाईघाईने पुसले. आता एकाला तरी स्वच्छ दिसणे भाग होते. वाट थोडी उतरली, मग चढली. दोघांचे पाय एका लयीत फिरत होते. लांबवर दुसरा खांब दिसला, तसे तिने वेळेवर ब्रेक दाबले आणि चाक उजवीकडे घेतले. मागे बसलेल्याला काही सांगायची आता गरज नव्हती.

“रेमी,” ती म्हणाली, “पांढरं आहे. शेपूट हलवतंय.”

मागून रेमीने जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् केले आणि त्या कुत्र्याला जवळ बोलावले.